डेटाबेसमधील जागा मोकळी करणे

मोठ्या रिलेशनल डेटाबेसमधून जुन्या नोंदी काढल्यावर त्यांनी अडवलेली डिस्कची जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळवून देणे. नुसत्या डिलीटने हे होत नाही. भात कापले तरी खाचर बांधासकट तेवढेच राहते, तशी टेबलची फाइल डिलीटनंतरही पूर्वीच्याच आकाराची राहते. पुढील तपशील पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावरच्या मासळीच्या आवकेचे टेबल घेऊ: बोट, मासळी, वजन, भाव. समजा ते १२० जीबीचे आहे आणि त्यातल्या निम्म्या नोंदी डिलीट केल्या. त्या फाइलीच्या ८ केबीच्या पानांत (तुकड्यांत) मृत नोंदी म्हणून पडून राहतात. भाव दुरुस्त केला तरी जुनी प्रत मृत होऊन नवी लिहिली जाते. साधा व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाईची आज्ञा, ही जागा त्याच टेबलच्या पुढच्या नोंदींसाठी खुली करतो. फाइल मात्र शेवटची पाने पूर्ण रिकामी असतील तेवढीच छाटली जाते. आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगनुसार सुमारे २० टक्के नोंदी मृत झाल्यावरच कामाला लागतो. दहा कोटी नोंदींच्या टेबलात हे फार उशिरा होते. तिथे हे प्रमाण १-२ टक्क्यांवर आणावे.

व्हॅक्यूम फुल ही दुसरी आज्ञा: तो जिवंत नोंदींची नवी फाइल लिहितो आणि काम पुरे झाल्यावरच जुनी सोडतो. म्हणजे वरच्या उदाहरणात आधी ६० जीबीच्या आसपास जागा मोकळी हवी. डिस्क भरल्यावर हा उपाय आठवला तर तो चालवता येत नाही, आणि नेमके तेव्हाच बहुतेकांना तो आठवतो. शिवाय तो चालू असताना टेबल वाचताही येत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत आवक जवळजवळ थांबते, तेव्हा हे काम उरकणे सोयीचे. पण कोकणात तेच वीज जाण्याचे दिवस. मध्येच सर्व्हर बंद पडला तर जुने टेबल सुखरूप राहते, अर्धवट फाइल मात्र डिस्कवर बेवारस उरते आणि कोणताही व्हॅक्यूम तिला हात लावत नाही. यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. टेबल बंद ठेवणे शक्य नसेल तर पीजी_रिपॅक हे जोडसाधन वापरावे. लॉक (टेबल इतरांना बंद ठेवणे) फक्त सुरुवातीला व शेवटी क्षणभर लागतो, पण टेबलला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) किंवा रिकामा न राहणारा युनिक इंडेक्स असावा लागतो, आणि मोकळी जागा टेबल व इंडेक्सच्या सुमारे दुप्पट लागते. फुगलेल्या इंडेक्ससाठी (नोंदी लवकर शोधण्याची सूची) आवृत्ती १२ पासून रीइंडेक्स कंकरंटली ही आज्ञा आहे, ती टेबल चालू ठेवून इंडेक्स नव्याने बांधते.

व्हॅक्यूम होऊनही मृत नोंदी हटत नसतील तर बहुधा एखादे ट्रान्झॅक्शन (एकत्र पुरा होणारा व्यवहार) तासन्‌तास उघडे असते. चालू कामांची यादी देणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत ते सापडते. जागा अडवणारे दुसरे कारण: घाटात केबल तुटून दूरची रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) खोळंबली, तर तिची जागा राखणारा रेप्लिकेशन स्लॉट वॉल फाइली (बदलांची नोंदवही) अडवून धरतो आणि त्यांची पीजी_वॉल ही फोल्डर फुगत जाते. ती रेप्लिका परत येणार नसेल तर स्लॉट काढावा. पीजी_वॉलमधल्या फाइली हाताने कधीही पुसू नयेत. डेटाबेस पुन्हा न उठण्याचा धोका असतो.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ऑप्टिमाइझ टेबल हेच काम करते, टेबलची फाइल स्वतंत्र असेल तर.

सर्वांत चांगला मार्ग टेबल बांधतानाच धरावा: हंगामवार पार्टिशन (टेबलचे वेगळ्या फाइलीतले भाग), १ ऑगस्ट ते ३१ मे. जुना हंगाम नको झाला की ते पार्टिशन ड्रॉप करावे. त्याची फाइलच जाते, जागा लगेच सुटते आणि मागे एकही मृत नोंद उरत नाही.