गोल राखड, ओबडधोबड धूळ

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकला की दुपारी दारं-खिडक्या लावून घेतात. अंधारलेल्या खोलीत फटीतून कवडसा येतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. जरा निरखून पाहा. काही कण लुकलुकतात. गिरक्या घेताना कधी त्यांची चपटी बाजू उन्हासमोर येते, कधी धार. गोल कण कितीही फिरला तरी लुकलुकणार नाही. कणाची घडण नुसत्या डोळ्यांना कळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गोल कणावर पडलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती विखुरतो, याचं नेमकं गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने 1908 साली मांडलं. पुढे कित्येक वर्षं धुळीचा हिशेबही त्याच गणिताने होत राहिला, कारण गोलासाठी ते सुटतं. माती मात्र गोल नसते. आपल्या काळ्या मातीतले बारीक कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात, वाळूचे कण कोनाकोनांचे. गोल कणाच्या तुलनेत तेवढाच मोठा ओबडधोबड कण प्रकाश बाजूला जास्त फेकतो आणि आल्या वाटेने मागे कमी. उपग्रहाला वरून दिसतो तो असाच बाजूला-मागे वळलेला प्रकाश. कण गोल धरले, तर हवेत धूळ किती याचंच उत्तर चुकतं.

नागपूरच्या हवेत मात्र खरोखर गोल कणही आहेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळशाची भुकटी हजार अंशांच्या बऱ्याच वर जळते. त्यातली खनिजं वितळतात, थेंब पृष्ठताणाने गोल होतात आणि तसेच थिजतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली राखड काचेच्या मण्यांसारखी दिसते. काही मणी आतून पोकळ असतात, ते पाण्यावर तरंगतात. चिमूटभर राखड बोटांत चोळली तर ती गुळगुळीत सरकते. अंगणातली धूळ खरखरते.

हाच फरक दुरून ओळखायचा उपाय म्हणजे लायडार. आकाशात लेझरचा झोत सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. झोतातल्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात. गोल कणावरून सरळ मागे फिरलेला प्रकाश ते प्रतल सोडत नाही. ओबडधोबड कण मात्र ते बिघडवतात: वाळवंटी धुळीत मूळ प्रतलाशी काटकोनात असलेल्या प्रतलातला प्रकाश मूळ प्रतलातल्याच्या सुमारे 30 टक्के भरतो. 2006 साली सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने 2023 पर्यंत याच खुणेवरून धूळ आणि धूर वेगळे ओळखले.

राख साठवण्याच्या बंधाऱ्यांजवळ राहणाऱ्या माणसांच्या श्वासात जातं ते काय, शेतातली माती की राखड, हे कळणं मला फार गरजेचं वाटतं. ते सोपं नाही. अर्धवट जळालेल्या कोळशाचे तुकडे सच्छिद्र आणि वेडेवाकडे असतात, म्हणजे राखडही सगळी गोल नाही. वावटळीने दोन्ही एकत्र उडवलं की लायडारवर मधलाच आकडा येतो, आणि त्यातून कुणाचा वाटा किती हे सोडवत बसावं लागतं.