लांबून कॉम्प्युटर दुरुस्त करताना आम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरतो आणि का

नमस्कार मंडळी,

हल्ली फोन उचलला की निम्मी माणसं आधीच सांगतात, "दुकानात आणत नाही हां, एनीडेस्क घेतो, तुम्हीच बघा." बरोबर आहे त्यांचं. वाळपईहून डिचोलीला नुसता प्रिंटर दिसत नाही म्हणून सीपीयू स्कूटरवर बांधून आणायचा म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि हरमल-मांद्रेच्या गेस्ट हाऊसवाल्यांना तर सीझनमध्ये काउंटर सोडताच येत नाही. रिमोटने होण्यासारखं काम रिमोटनेच करावं असं आमचंही मत आहे. पण ते कुठल्या सॉफ्टवेअरने करायचं हे आम्ही नीट तपासून ठरवलंय, आणि त्यात तुमच्या फाइली, तुमचे पैसे गुंतलेले असतात, म्हणून ते तुम्हालाही माहीत असायला हवं.

आमची मुख्य अट अशी की कनेक्शन तुमच्याकडून सुरू व्हायला पाहिजे, तुमच्या डोळ्यांसमोर चालायला पाहिजे आणि मनात येईल तेव्हा तुम्हाला ते बंद करता यायला पाहिजे. स्पीड, फीचर्स वगैरे सगळं त्याच्यानंतर.

हे चालतं कसं

तुमचा कॉम्प्युटर राऊटरच्या मागे असतो, बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणून अशी सगळी सॉफ्टवेअर मध्ये एक सर्व्हर ठेवतात, तुमची बाजू आणि आमची बाजू दोघं त्या सर्व्हरला जोडतात, तो आयडी बघून दोघांची गाठ घालून देतो, मग जमलं तर थेट कनेक्शन होतं आणि नाही जमलं तर सगळा ट्रॅफिक त्याच सर्व्हरमधून फिरतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा ट्रॅफिक एन्क्रिप्ट केलेला असतो, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही असा. तरी मधला सर्व्हर कोणाचा हा प्रश्न उरतोच, आणि आमची निवड बरीचशी त्याच्यावर ठरली.

कुठली बघितली

टीमव्ह्यूअर २००५ पासूनची जर्मन कंपनी, सॉफ्टवेअर चांगलं. पण फुकट आहे ते फक्त घरगुती वापरासाठी, पैसे घेऊन रिपेअर करणाऱ्या दुकानाला लायसन्स विकत घ्यावं लागतं. फुकटचं व्हर्जन धंद्यात वापरलं तर त्यांच्या सिस्टमला संशय येतो आणि सेशन मध्येच तोडतात. समजा वीस तारीख आहे, जीएसटी रिटर्न भरायचंय, टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा रिपेअर चालू आहे आणि तेवढ्यात कनेक्शन गेलं, तर तुमचं काय होईल? आणि दुसऱ्याचं लायसन्स मोडून धंदा करणं आम्हाला पटतही नाही.

एनीडेस्क हलकं आहे, सुटसुटीत आहे, लायसन्सची गोष्ट तीच. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं होतं, मग त्यांनी सर्टिफिकेट बदलली आणि लोकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. म्हणजे लपवलं नाही, हे चांगलंच. पण आपल्याकडे फसवणारे लोक हेच नाव घेऊन फोन करतात, रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच त्याच्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. आमच्या गिऱ्हाइकाला हे नाव ऐकताच थोडी भीती वाटावी असं आम्हाला वाटतं, त्यामुळे आम्ही ते वापरतच नाही. म्हणजे कोणी आमचं नाव सांगून एनीडेस्क घ्या म्हणाला तर फोन तिथेच ठेवा.

विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप होम एडिशनवर बाहेरून घेता येत नाही, प्रो लागतं. काही ऑफिसांत कोणीतरी राऊटरमध्ये ३३८९ पोर्ट (म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडून ते चालू करून दिलेलं असतं, "घरून काम करायला". हे फार धोक्याचं आहे. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, असे उघडे पोर्ट दिवसरात्र शोधत असतात, पासवर्ड सोपा असला की संपलं. तुमच्याकडे असं काही केलंय का ते माहीत नसेल तर विचारा, आम्ही बघून बंद करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

क्रोम रिमोट डेस्कटॉप ठीक आहे, घरच्या घरी वापरायला बरं, आमच्या कामाला अपुरं पडतं.

क्विक असिस्ट मात्र आम्ही ठेवलंय. ते विंडोज ११ मध्ये आधीपासून असतं, बहुतेक १० मध्येही, त्यामुळे सहसा काही डाउनलोड करायला नको. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटनं एकत्र दाबली की उघडतं. कोड आम्ही फोनवर सांगतो, तो दहा मिनिटंच चालतो, तुम्ही टाकायचा आणि परवानगी द्यायची. अडचण एवढीच की विंडोज जेव्हा "या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का" असं विचारतं तेव्हा आम्हाला इकडे काही दिसत नाही, स्क्रीन थांबते, तिथे तुम्हालाच येस दाबावं लागतं. ड्रायव्हर (प्रिंटर वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर) घालताना हे पुन्हा पुन्हा होतं आणि समोर वयस्कर माणूस असेल तर दोघांचीही दमछाक होते. ह्याचाही गैरवापर झालाय, मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तसा इशारा दिला होता. म्हणून कोड कोणी दिला ते बघा. फोन तुम्ही केलेला असला पाहिजे.

आम्ही घेतलं ते रस्टडेस्क

हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो, आणि मधला सर्व्हर आपला स्वतःचा लावता येतो. आम्ही तो लावलाय. आम्ही जी फाइल पाठवतो तिच्यात आमच्या सर्व्हरचा पत्ता आणि त्याची डिजिटल किल्ली आधीच घातलेली असते, त्यामुळे ओळख पटवायचं काम आमच्या सर्व्हरवर होतं, तिसऱ्या कंपनीकडे जात नाही. सर्व्हर सांभाळायचा, अपडेट ठेवायचा हा त्रास आमच्या डोक्यावर येतो, पण ती जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत.

तुमच्या स्क्रीनवर काय दिसेल ते सांगतो. फाइल उघडली की डाव्या बाजूला तुमचा आयडी आणि त्याच्या खाली एकदाच वापरायचा पासवर्ड येतो, तो फोनवर आम्हाला वाचून दाखवा. आम्ही जोडलो की एक छोटी खिडकी येते, तिच्यात कोण जोडलंय ते नाव असतं आणि कीबोर्ड-माऊस, क्लिपबोर्ड, आवाज, फाइल अशी छोटी चित्रं असतात. ह्यातलं कुठलंही चित्र दाबून तुम्ही तेवढीच परवानगी काढून घेऊ शकता, म्हणजे आम्हाला फाइल घेऊ द्यायची नसेल तर ते चित्र बंद करा, आम्हाला वाईट वाटणार नाही. सुरुवातीला एकदा विंडोजची परवानगी विचारेल ती द्या, मग ड्रायव्हरचं काम न अडता होतं. काम झाल्यावर डिस्कनेक्ट दाबा, पासवर्डच्या शेजारी गोल बाण आहे तो दाबला की नवा पासवर्ड येतो, जुना गेला. अँटिव्हायरसने फाइलला अडवलं तर तो बंद करू नका, आधी फोन करा.

काही दुकानदार म्हणतात, "रोज रोज कोण वाचून दाखवणार, कायमचा पासवर्ड ठेवून द्या." आम्ही ठेवत नाही. तो पासवर्ड कुठून फुटला तर रात्री दुकान बंद असताना कोणीही आत येईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. फक्त ऑफिसचा सर्व्हर असेल, मालकाने लेखी सांगितलं असेल आणि वर दुसऱ्या पायरीचा कोड लावलेला असेल तरच.

आम्ही बसायच्या आधी

नेटबँकिंग, मेल, व्हॉट्सअॅप वेब बंद करा. पासवर्ड टाकायची वेळ आली तर तुम्हीच टाका, आम्ही सांगू तेव्हा. ओटीपी आम्हाला कधीच लागत नाही. जागेवरून उठू नका, चहा ठेवायचा असेल तर सांगा, आम्ही थांबतो. मोबाईलवर आम्ही रिमोट घेतच नाही, कारण यूपीआय आणि ओटीपी दोन्ही त्यातच असतात. मोबाईल दुकानात घेऊन या.

"आज रात्री लाइट कापणार, ह्या नंबरला फोन करा" असे मेसेज येतात आणि फोन केला की अॅप घ्यायला लावतात. असं कोणाला स्क्रीन दिली गेली असेल तर आधी इंटरनेट तोडा, राऊटरचा प्लग काढला तरी चालेल, मग बँकेला आणि लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त. आम्हाला नंतर सांगितलं तरी चालेल, पण मशीन तपासल्याशिवाय परत बँकिंग करू नका.

रिमोटने न होणारी कामं

मशीन चालूच होत नाही, नेट नाही, हार्ड डिस्क टकटक वाजते, लॅपटॉपवर पाणी सांडलं, ह्यात सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. टकटक वाजणारी डिस्क तर लगेच बंद करा, जितकी चालवाल तितका डेटा जाईल. किनाऱ्याकडच्या मशीनमध्ये खाऱ्या हवेने बोर्डवर हिरवट थर येतो, तो साफ करायला मशीन उघडावंच लागतं. पावसात गडगडाट सुरू असेल तर आम्ही सेशन घेत नाही, तुम्हीही राऊटर काढून ठेवा, वीज बऱ्याचदा केबलमधून येते आणि लॅन पोर्ट जाळते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी ११ चालेल का ते विचारून घ्या, हे मात्र आम्ही रिमोटने पाच मिनिटांत बघून सांगतो.

वेळ ठरवायला बिलावरच्या नंबरला फोन करा, महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास टॅलीवाल्यांची गर्दी असते म्हणून तेव्हा एक दिवस आधी. रिमोटने काम नाही झालं तर रिमोटचे पैसे नाहीत, मशीन दुकानात आल्यावर एकच बिल होईल.