‘कशावरून?’ आणि ‘झालं तर?’ : बेक आणि एलिस यांच्या पद्धतींतला फरक

समुपदेशनाला जाऊन आलेली माणसं बहुधा एवढंच सांगतात, की ‘त्यांनी माझे विचार तपासायला लावले’. हे वाक्य दोन वेगवेगळ्या कामांना लागू पडतं. एकात मनात आलेला अंदाज खरा आहे का, याची छाननी होते. दुसऱ्यात तो अंदाज घटकाभर खरा धरतात आणि त्या घटनेबद्दल माणसाने मनाशी घातलेली अट उघड्यावर आणून तिच्याशी झगडतात. पहिल्या कामाचा पाया ॲरन बेक यांनी घातला, दुसऱ्याचा अल्बर्ट एलिस यांनी. आज दोन्हींना सरसकट ‘सीबीटी’ (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा उपचार) म्हटलं जातं. त्यामुळे नेमकं काय चुकतंय हे न कळताच ‘मी करून पाहिलं, मला उपयोग झाला नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

एलिस (१९१३–२००७) न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ, तर बेक (१९२१–२०२१) फिलाडेल्फियातले मनोविकारतज्ज्ञ. दोघंही फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाच्या तालमीत तयार झाले आणि दोघंही त्यातून बाहेर पडले. एलिस यांनी १९५५ मध्ये आपली पद्धत मांडायला सुरुवात केली. तिचं नाव पुढे बदलत गेलं आणि १९९३ पासून ती आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणून ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी ती भारतात रुजवली, आणि मराठीत ‘विवेकनिष्ठ उपचारपद्धती’ हे नाव रूढ झालं. बेक यांची वाट वेगळी होती. नैराश्य आलेल्या रुग्णांच्या स्वप्नांचा ते अभ्यास करत होते. फ्रॉइडच्या सिद्धांताप्रमाणे तिथे स्वतःवर उलटलेला राग सापडायला हवा होता. सापडला तो हरल्याचा, नाकारलं गेल्याचा सूर. तेव्हा त्यांनी रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांकडे मोर्चा वळवला.

फरक कळायला एकच उदाहरण दोन्हीकडून पाहू. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा, राज्यसेवेचा चौथा प्रयत्न देणारा मुलगा घ्या. मुख्य परीक्षेचा निकाल कधीही लागेल. झोप उडालीय, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, घरून फोन आला की तो उचलत नाही. डोक्यात एकच वाक्य फिरतंय : ‘ह्याही वेळी माझं होणार नाही.’

बेक यांच्या पद्धतीने काम करणारा थेरपिस्ट हे वाक्य कागदावर उतरवायला सांगेल. नेहमीच्या तक्त्यात सात रकाने असतात : प्रसंग, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी, त्या क्षणी आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, दोन्ही पाहून बनवलेला समतोल विचार, आणि शेवटी भावनेची तीव्रता पुन्हा एकदा. चौथ्या रकान्यात गाडी अडकते. मुलगा लिहितो, ‘मला आतून तसं वाटतंय.’ हा पुरावा धरत नाहीत. ‘मागच्या वेळी कटऑफला सहा गुण कमी पडले’ हा पुरावा. ‘ह्या वेळी निबंध पूर्ण झाला, मागच्या वेळी अर्धवट राहिला होता’ हा विरुद्धचा पुरावा. मग समतोल विचार असा होतो : ‘निकाल माहीत नाही, तयारी मागच्या वेळेपेक्षा बरी होती, होईलही, नाहीही.’

ह्या शेवटच्या वाक्यावर त्याचा स्वतःचा किती विश्वास बसतो, हेही शंभरपैकी विचारायचं असतं. घरी एकट्याने तक्ते भरणारे हा टप्पा हमखास गाळतात. पन्नासच्या खाली असेल तर ते वाक्य थेरपिस्टला खूश करायला लिहिलेलं असतं आणि भीती तसूभरही हलत नाही. अशा वेळी वाक्य आणखी गोड करण्यात अर्थ नसतो. ते जास्त खरं करावं लागतं.

आता खरी अडचण. राज्यसेवेला अर्ज लाखोंनी येतात आणि जागा काहीशेच असतात. मुलाने प्रामाणिकपणे पुरावे मांडले तर कागद त्याच्याच बाजूने बोलू शकतो : निवड न होण्याची शक्यता खरंच जास्त आहे. तिथे छाननी थांबते. मग हळवा थेरपिस्ट, आणि हळवे नातेवाईक तर नक्कीच, ‘होईल रे, तू हुशार आहेस’ वर येतात. ही नुसती समजूत काढणं झालं. तिचा परिणाम निकालाच्या दिवसापर्यंतच टिकतो, आणि बऱ्याचदा तेवढाही नाही.

एलिस यांची पद्धत नेमकी इथून सुरू होते. ‘बरं, धरून चालू की यादीत तुझं नाव नाही. मग काय?’ मुलगा म्हणतो, वडिलांना सांगावं लागेल. मग? गावात सगळ्यांना कळेल. कळलं तर? ‘तर सिद्धच होईल की मी कुचकामी आहे.’ ह्या साखळीत धडधड सर्वांत जास्त कुठे वाढते ते पाहायचं. तिथेच काम करायचं, कारण अनेकदा परीक्षा हा नुसता दरवाजा असतो आणि आत वेगळंच बसलेलं असतं.

एलिस यांच्या मते त्रासदायक भावनेच्या मुळाशी एक हट्टी मागणी, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली अट, असते आणि तिला तीन फाटे फुटतात. मागणी : ‘ह्या वेळी माझं झालंच पाहिजे.’ पहिला फाटा : ‘नाही झालं तर त्याहून भयंकर काही नाही.’ दुसरा : ‘मला ते सहनच होणार नाही.’ तिसरा : ‘म्हणजे मी माणूस म्हणून फुकट.’ चारही एकाच माणसात एकाच वेळी ठळक असतात असं नाही. कुणाचा त्रास सहन न होण्याभोवती फिरतो, कुणाचा स्वतःच्या किमतीभोवती. सगळ्यांवर एकदम तुटून पडण्यापेक्षा सर्वांत तापलेला एक धरावा.

आव्हान देताना तीन बाजूंनी प्रश्न येतात. वास्तवाचा : ‘तुझं झालंच पाहिजे असा नियम कुठे आहे? असता तर पहिल्या प्रयत्नातच झालं नसतं का?’ तर्काचा : ‘व्हावं अशी तीव्र इच्छा आहे, ह्यावरून ते झालंच पाहिजे हे कसं निघतं?’ आणि उपयोगाचा : ‘हा हट्ट धरून अभ्यास वाढला की झोप गेली?’ तर्काच्या प्रश्नावर बहुतेक जण मान डोलावतात आणि आत काहीच होत नाही. बदल बऱ्याचदा उपयोगाच्या प्रश्नाने सुरू होतो; क्रम माणूस पाहून ठरवावा.

शेवटी जी नवी समजूत तयार होते तिच्यात इच्छा पुरेपूर शाबूत असते : ‘माझं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ते व्हायलाच हवं असं नाही. नाही झालं तर फार वाईट वाटेल, वर्षं गेल्याचं दुःख होईल, आणि ते मला सोसता येईल. नापास झालेला मी, माणूस म्हणून रद्द होत नाही.’

काही जण इथे अर्धवट काम करतात. मराठीत मागणी ‘च’ मध्ये बसते हे खरं, पण बोलण्यातला ‘च’ गाळून मागणी जात नाही. ‘व्हावं’ असं हळू आवाजात म्हणत दात-ओठ खाणारी माणसं असतात. दुसरे उलट टोकाला जाऊन ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणतात. हे खोटं असतं, आणि शरीर ते मानत नाही. एलिस यांनी भावनांची विभागणी म्हणूनच आरोग्यकारक आणि अनारोग्यकारक अशी केली, सुखद आणि दुःखद अशी केली नाही. निकालाबद्दल काळजी वाटणारा मुलगा अस्वस्थ असतोच, पण तो पुस्तक उघडतो, दुसरी एखादी परीक्षाही पाहून ठेवतो, घरच्यांचा फोन घेतो. चिंतेने पछाडलेला मुलगा ह्यातलं काही करत नाही. म्हणून ‘शांत वाटलं का?’ हा प्रश्न चुकीचा. ‘वाईट वाटत असताना काय केलंस?’ हे विचारावं.

आणखी एक गाठ आधी सोडवावी लागते. पुष्कळदा माणूस धडधडीलाच घाबरलेला असतो : ‘मला असं होताच कामा नये, मी कमकुवत आहे.’ ही भीतीवरची भीती शिल्लक असताना मूळ समजुतीवर कितीही बोला, त्याचं निम्मं लक्ष स्वतःच्या छातीकडे असतं. आधी तिच्यावर काम, मग निकालावर.

मग छाननीला काही किंमतच नाही का? भरपूर आहे, पण योग्य जागी. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दाखवूनही उत्तर दिलं नाही आणि ‘ती माझ्यावर रागावली’ असं वाटून कुणाचा दिवस गेला, तर लगेच ‘रागावली तर काय आभाळ कोसळतंय?’ असं विचारणं उद्धट तर आहेच, शिवाय जे घडलंच नसेल ते मान्य करायला लावणं आहे. इथे फोन करून विचारणं हा उत्तम उपाय. बेक यांच्या पद्धतीत अशा प्रयोगांना मोठं स्थान आहे. पण हीच व्यक्ती दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या रागावण्याची छाननी करत बसत असेल तर दिशा बदलावी. तिच्या मनात ‘मी सगळ्यांना आवडलेच पाहिजे’ आहे आणि पुरावे गोळा करणं हेच व्यसन झालंय. आजाराची धास्ती घेतलेल्या माणसांत हे फार दिसतं : प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट म्हणजे विरुद्धचा पुरावा, आणि तो संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. थोडक्यात, वस्तुस्थितीबद्दल शंका असेल तर आधी ‘कशावरून?’, वस्तुस्थिती ठरलेली असेल, किंवा तेच ते ‘कशावरून?’ तिसऱ्यांदा विचारावं लागत असेल, तर ‘झालं तर?’

सीमारेषा इतकी काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. बेक यांच्या परंपरेतही एकेका विचाराखाली उतरत मुळाशी असलेल्या धारणेपर्यंत जातात, आणि एलिसवाले गरज पडली तर पुरावा तपासतात. रोमानियात क्लुज-नापोका इथे नैराश्याच्या १७० रुग्णांवर झालेली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. त्यात आरईबीटी, बेक यांची पद्धत आणि फ्लुओक्सेटिन हे औषध यांची तुलना झाली. १४ आठवड्यांच्या उपचारांनंतर तिन्ही गटांच्या परिणामांत एकमेकांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा भांडण श्रेष्ठ कोण याचं नाही. समोरच्या माणसाचा त्रास अंदाजात आहे की अटीत, हे न ओळखता तक्ता पुढे सरकवणं, ही चूक आहे.

दोन्ही पद्धती नुसत्या बोलण्यावर अर्धवट राहतात. एलिस यांच्याकडे गृहपाठ धीट असतो. रोज दहा मिनिटं डोळे मिटून यादीत नाव नसल्याचं चित्र आणायचं, हादरा जाणवू द्यायचा, आणि चित्र न बदलता भावना दुःखापर्यंत खाली आणायची. कोणतं वाक्य म्हटल्यावर ती उतरली ते लगेच लिहून ठेवायचं. इथे लोक चित्रच बदलून टाकतात, निकाल चांगला लावून घेतात, आणि सराव फुकट जातो. ‘लोक काय म्हणतील’ हा विषय असेल तर लाज मोडण्याचा सराव असतो. भुयारी रेल्वेत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारणं, हा एलिस यांचा आवडता गृहपाठ. मुंबईच्या लोकलमध्येही तो होण्यासारखा आहे. अट एवढीच, की स्वतःला किंवा इतरांना इजा होऊ नये, कायदा मोडू नये, नोकरी धोक्यात येऊ नये. स्वतः एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलायचं ठरवून शंभरावर मुलींशी बोलून पाहिलं. भेट ठरली एकीशी, आणि ती आलीच नाही. भीती मात्र गेली.

एका ठिकाणी दोन्ही प्रश्न खिशात ठेवावेत. मारहाण होत असलेल्या बाईला ‘त्याने मारू नये ही तुमची मागणी आहे’ असं सांगणं हा उपचार नाही, तो अन्याय आहे. आधी तिची सुरक्षितता. स्वतःला दोष देणाऱ्या समजुतींवर काम त्यानंतर. ताज्या मृत्यूच्या दुःखालाही हात लावू नये. आणि ‘जगण्यात अर्थ नाही’ हे वाक्य आलं तर त्यावर वाद न घालता थेट आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारावं, माणसाला एकटं सोडू नये, मनोविकारतज्ज्ञाला गाठावं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.