काउबॉयचे चॅप्स आणि ओकची साल

काउबॉय पँटवर चढवतात त्या चामडी चॅप्सकडे बघून अनेकांना तो निव्वळ नखरा वाटतो. झालरी, चकचकीत बटणं, वर मागची बाजू उघडी! पण त्यांचं काम नावातच आहे. मेक्सिकन स्पॅनिशमधल्या ‘चापार्रेरास’चं हे लघुरूप. ‘चापार्रो’ म्हणजे खुरटा सदाहरित ओक. हा शब्द बास्क भाषेतून आलेला. अशा झुडपांचं रान ते ‘चापार्राल’, आपल्या आमराईसारखं. त्यात गुरांमागे घोडा घातला की मांड्या-पोटऱ्या सोलवटणारच. मेक्सिकोच्या वाकेरोंचा, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांचा, हा उपाय टेक्सासच्या गुराख्यांनी नावासकट उचलला. तिकडे अनेकजण उच्चार ‘शॅप्स’ असा करतात. (उद्या कुणी हा शब्द ‘चप्पल’वरून गेल्याचा फॉरवर्ड धाडलाच, तर तो तिथेच थांबवा.)

दक्षिण टेक्सासात जाच मेस्कीटच्या काट्यांचा. माळरानं गिळत सुटलेली आपली वेडी बाभूळ तिचीच जवळची नातलग, त्यामुळे काट्याबद्दल वेगळं सांगायला नको.

हा काटा डेनिममधून आरपार जातो, मग जाड चामड्यात का अडतो? कापडात धागे फक्त उभे-आडवे. टोक त्यांना बाजूला सारतं आणि चीर धाग्याच्या रेषेत पळत जाते. चामड्यात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे चिरेला सरळ वाटच मिळत नाही. कोलॅजेनच्या एका रेणूत तीन साखळ्यांचा पीळ असतो, प्रत्येकीत सुमारे १००० अमिनो आम्लं. त्यांतलं दर तिसरं ग्लायसीन, कारण पिळाच्या गाभ्यात मावेल इतकं लहान तेवढंच!

पण कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर फळीसारखं कडक होतं. इथे टॅनिन, म्हणजे झाडांमधलं तुरट द्रव्य, कामी येतं. त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट भरपूर. ते कोलॅजेनशी हायड्रोजन बंध जोडून शेजारशेजारच्या साखळ्या बांधून टाकतात. जिवाणूंच्या विकरांना मग ते सहज तोडता येत नाही. ओलं कच्चं कातडं ६०-६५ अंश सेल्सिअसला आकसतं, टॅनिनने कमावलेलं ७५-८५ पर्यंत तग धरतं.

आपल्याकडे हे टॅनिन बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून काढतात. १९व्या शतकातल्या कॅलिफोर्नियात ते टॅनओकच्या सालीतून येई, आणि हे झाडही ओकच्याच कुळातलं. झाडं टॅनिन साठवतात ती आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून. हिरडा चावल्यावर तोंड आवळतं ना, तेव्हा टॅनिनने लाळेतली प्रथिनं अशीच पकडलेली असतात.