टॅक्सीच्या मीटरपासून मोबाइलच्या स्क्रीनपर्यंत : पार्श्वभूमी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत गाडी चालवताना चालकाला वाचावी लागणारी माहिती बराच काळ अगदी मोजकी होती. फियाटच्या बाहेर डाव्या बाजूला बसवलेला यांत्रिक मीटर पाडला की भाडे सुरू होई आणि त्यावरचा आकडा टॅरिफ कार्डाशी ताडून पाहण्याची वेळ प्रवासी उतरताना, म्हणजे गाडी थांबल्यावरच येई. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तरी यात मोठा फरक पडला नाही.

चालकाचे लक्ष धावत्या गाडीत मागणारी उपकरणे आधी परदेशी मालवाहतुकीत आली. अमेरिकेत १९८८ साली क्वालकॉमने ऑम्निट्रॅक्स ही उपग्रहाधारित यंत्रणा आणली, तेव्हापासून ट्रक कुठे पोहोचला हे मालकाला कार्यालयात बसून कळू लागले आणि चालकाला केबिनमध्येच निरोप मिळू लागले. त्याची किंमत मोजली गेली ती पुष्कळ उशिरा. व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचा अहवाल २००९ मध्ये आला. अशा निरोपयंत्राशी चाळा करताना अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात घडण्याची शक्यता सुमारे दहापट, तर मोबाइलवर संदेश लिहिताना सुमारे तेवीसपट वाढते, असे त्यात आढळले. संदेश लिहिणाऱ्यांची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ८० किलोमीटर वेगाने एवढ्या वेळात ट्रक शंभर मीटर पुढे गेलेला असतो. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर हटू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मात्र ती ऐच्छिक होती आणि हलक्या वाहनांपुरतीच होती. ज्यांचा दिवसच स्टिअरिंगवर जातो ते ट्रकचालक त्यांतून सुटले, ही मला त्यांतली मोठी उणीव वाटते.

मुंबईत ॲपवरच्या टॅक्सी रुळल्या त्या २०१४ नंतर. आता पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरीचा उड्डाणपूल चढताना डॅशबोर्डवरच्या मोबाइलमध्ये नकाशा चालू असतो, तेवढ्यात पुढच्या भाड्याची सूचना वाजते, आणि पिकअपचे ठिकाण वाचून, अंतर जोखून, मुदत संपण्याआधी बोट लावायचे असते. दुचाकी दोन्ही अंगांनी घुसत असतात त्याच क्षणी हा हिशेब करावा लागतो, कारण भाडे सोडले तर कमाई जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना मोबाइल केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली. ही तरतूद नियम २१ मध्ये, म्हणजे चालकाला अपात्र ठरवण्याच्या अधिकाराशी जोडलेली आहे. त्यामुळे तिचा बडगा चालकाच्या परवान्यावर पडतो. धावत्या गाडीत सूचना धाडणाऱ्या कंपनीवर त्या नियमाने कोणतेही बंधन घातलेले नाही.