थ्रेन आणि द पेल: दोन्हीकडे चर्चचं राज्य, पण खेळायला बसलात की फरक कळतो

डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ, तो खेळणाऱ्यांमध्ये हा घोळ कायम दिसतो. कडक धर्मगुरूंचं राज्य असलेला देश हवा असतो आणि मग ग्रेहॉक या खेळातल्या काल्पनिक जगातला (सेटिंगमधला) द पेल आणि एबेरॉन या दुसऱ्या जगातला थ्रेन यांची सरमिसळ होते, म्हणजे नाव थ्रेनचं, कायदे पेलचे, गादीवर कोणीतरी म्हातारा रागीट थिओक्रॅट, म्हणजे राज्य चालवणारा धर्मगुरू, आणि दर चौकात पाखंड्यांना जाळणं चालू. वरवर बघितलं तर साम्य आहेच की, दोन्हीकडे सत्ता चर्चच्या हातात, दोन्हीकडे श्रद्धा उजेडाशी जोडलेली, दोन्हीकडे पॅलाडिन म्हणजे धर्मासाठी लढणारे योद्धे, आणि अलाइनमेंट, म्हणजे चांगल्या-वाईटाची कुठली बाजू ते, बघाल तर दोन्ही धर्म चांगल्या बाजूचे. पण एकाच्या जागी दुसरा ठेवला तर गोष्ट बसतच नाही, आणि माझ्या मते नुकसान जास्त थ्रेनचं होतं.

आधी पेल घेऊ, कारण तो समजायला सोपा आहे. ग्रेहॉकचं जग १९८० मध्ये पहिल्यांदा सेटिंग म्हणून छापून आलं, त्यात फ्लॅनेस या प्रदेशाच्या ईशान्येला, रेकर्स डोंगररांगेच्या पश्चिमेला हे राज्य आहे, राजधानी विंटरशिव्हन. राज्यकर्ता थिओक्रॅट, नंतरच्या पुस्तकांत त्याचं नाव ओगन टिलिट. देव एकच, फोल्टस. हा प्रकाशाचा, कायद्याचा, सुव्यवस्थेचा देव, सूर्य आणि चंद्र ठरलेल्या वाटेने फिरतात ते याच्यामुळे असं त्याचे भक्त मानतात, आणि अजिबात न वाकणं हे तर त्याच्या अधिकारातल्या गोष्टींच्या यादीतच दिलंय. त्यामुळे पेलचा पुजारी हट्टी वागतो तेव्हा तो धर्म सोडून वागत नसतो, तो धर्म पाळत असतो. खरा मार्ग एकच आहे, आम्हाला तो माहीत आहे, मग बाकीच्यांना चुकीच्या वाटेने का जाऊ द्यायचं, असा सरळ हिशोब.

हे टेबलवर कसं दिसतं ते बघा. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटात, पेलोरची क्लेरिक आहे, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र वापरणारी पुजारीण. पेलोर म्हणजे सूर्यदेव, दयाळू, जखमा बऱ्या करणारा, पुन्हा फोल्टससारखाच उजेडाचा, त्यामुळे प्लेअरला वाटतं इथे तर आपलं स्वागतच होणार. विंटरशिव्हनच्या वेशीवर पहारेकरी तिच्या गळ्यातलं चिन्ह हातात घेऊन बघतो. पेलोरच्या सूर्याला चेहरा असतो, फोल्टसच्या चिन्हात गोल तबकडी आणि उजव्या बाजूला खाली चंद्रकोर. हिच्याकडे कोर नाही. झालं, तिथून पुढे सगळं अवघड, कारण पेलमध्ये फोल्टसशिवाय दुसऱ्या देवाचा प्रचार चालत नाही, आणि तिने रस्त्यात एखाद्या आजारी मुलाला पेलोरचं नाव घेऊन बरं केलं तर तोही गुन्हाच. मूल बरं झालं ना, मग काय बिघडलं, हा युक्तिवाद तिथे कोणी ऐकून घेत नाही. सेंट कथबर्टच्या क्लेरिकचे तर अजून हाल, कारण कथबर्ट पण शिस्तीचाच देव आहे तरी त्याचं आणि फोल्टसचं जुनं वैर आहे.

पेल खेळायला मजा येते ती याच्यात. समोरचा माणूस राक्षस नाही, लाचखोर नाही, तुमच्याशी खोटं पण बोलत नाही, पण त्याच्या डोक्यात तुमच्यासाठी जागाच नाही. लपूनछपून पूजा करणारी माणसं, सरहद्दीवर पकडली जाणारी पुस्तकं, स्वतःच्या जुन्या श्रद्धा जपू बघणारे फ्लॅन वंशाचे गावकरी, असल्या गोष्टी इथे छान उभ्या राहतात.

आता थ्रेन. एबेरॉन २००४ मध्ये आलं, विझर्ड्स ऑफ द कोस्टने २००२ मध्ये नवीन सेटिंगसाठी खुली स्पर्धा ठेवली होती तिथून निवडलेलं. त्यातली एक मोठी गोष्ट म्हणजे तिथे देव अंगावर येऊन बोलत नाहीत, ते आहेत की नाहीत हेच कोणाला नक्की सांगता येत नाही. थ्रेनचा धर्म म्हणजे सिल्व्हर फ्लेम, आणि ती ज्योत म्हणजे देव नव्हेच. फार जुन्या काळी कोआटल नावाच्या पंखवाल्या दैवी सर्पांनी स्वतःचा बळी देऊन राक्षसांच्या अधिपतींना जखडून ठेवलं, त्या त्यागातून ही शक्ती तयार झाली. पुढे वायके २९९ मध्ये (वायके ही त्या जगातली कालगणना, पुढची सालंही त्यातलीच) बेल शालोर नावाचा अधिपती सुटायला लागला तेव्हा टीरा मायरन नावाच्या पॅलाडिनने स्वतःला त्या ज्योतीत झोकून दिलं आणि तो परत बांधला गेला. आजही चर्चला मार्गदर्शन करते ती टीरा, ज्योतीचा आवाज म्हणून. म्हणजे धर्माच्या मुळाशी आज्ञा नाही, संरक्षण आहे, सामान्य माणसाला राक्षसापासून वाचवायचं आणि त्यासाठी गरज पडली तर आपण मरायचं. या चर्चचं आवडतं हत्यार लांब धनुष्य आहे.

आणि सत्ता कशी आली ते बघा, इथे सगळ्यात मोठा फरक आहे. थ्रेन पूर्वी गॅलिफर साम्राज्याचा एक भाग होता, राजघराणं विनार्न. ८९४ मध्ये वारसाहक्कावरून लास्ट वॉर नावाचं युद्ध सुरू झालं, थ्रेनचा राजा थॅलिन पण त्या भांडणात होताच, तो ९१४ मध्ये गेला आणि त्याच्यानंतर कारभार चर्चकडे आला, आणि लोकांनाही तेच हवं होतं. राजघराणं संपवलं नाही. राणी डियानी अजून आहे, मान आहे, सत्ता नाही. युद्ध ९९६ मध्ये थांबलं, आणि खेळ साधारण ९९८ मध्ये सुरू होतो, म्हणजे धर्मसत्तेला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आजोबांच्या तोंडून राजाच्या काळातल्या गोष्टी ऐकलेली माणसं गावात जिवंत आहेत. राणीला परत गादीवर बसवा म्हणणारे पण आहेत, आणि त्यातले कित्येक जण स्वतः मनापासून सिल्व्हर फ्लेमचे भक्त, त्यांचं म्हणणं एवढंच की राज्य चालवायला लागल्यापासून चर्च बिघडलंय. असा गट पेलमध्ये सहज बसवताच येत नाही.

चर्चच्या सगळ्यात वर कोण बसलंय? जेला डॅरन, वय वर्षं ११. कीपर ऑफ द फ्लेम. राजधानी फ्लेमकीपमध्ये, त्या ज्योतीजवळ असताना ती सगळ्या खंडातल्या सगळ्यात ताकदवान क्लेरिकपैकी एक आणि तिथून बाहेर पडली की बरीच कमकुवत. मन स्वच्छ आहे, दयाळू आहे. रोजचा कारभार मात्र कार्डिनल मंडळी बघतात आणि त्यांच्यात सगळ्यात वजनदार हाय कार्डिनल क्रोझेन, ज्याला जुन्या पुस्तकांत सरळ लॉफुल ईव्हिल, म्हणजे नियमाने वागणारा पण दुष्ट, दाखवलंय. प्रश्न पडतो की दुष्ट माणूस असून त्याला मंत्र कसे मिळतात. ग्रेहॉकमध्ये, निदान डी अँड डीच्या ३.५ आवृत्तीच्या नियमांनी, क्लेरिकचं अलाइनमेंट देवाच्या अलाइनमेंटपासून एका पायरीच्या आत असावं लागतं, फार भरकटला की शक्ती जाते. एबेरॉनने हा नियमच काढून टाकला. त्यामुळे क्रोझेन वेदीवर उभा राहून मंत्र म्हणतो आणि ते चालतात, मग समोरच्या भोळ्या भक्ताला कळणार कसं की हा माणूस बरोबर की चूक?

त्यात अजून एक गोम आहे, बेल शालोर अजून त्याच ज्योतीत बांधलेला आहे आणि तोही कुजबुजतो. भक्ताला आतून आवाज आला तर तो टीराचा की त्याचा, हे ओळखणं सोपं नाही. मला थ्रेनमधली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. पेलमधल्या इन्क्विझिटरला, म्हणजे पाखंड शोधून काढणाऱ्या अधिकाऱ्याला, शंका पडत नाही, थ्रेनमधल्या प्रामाणिक इन्क्विझिटरला ती पडायलाच पाहिजे.

मग थ्रेन म्हणजे जाळपोळ ही समजूत कुठून आली? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे ८३२ मध्ये सुरू झालेली लायकॅन्थ्रोपांविरुद्धची, म्हणजे जनावराचं रूप घेणाऱ्या माणसांविरुद्धची मोहीम, ती जवळपास पन्नास वर्षं चालली आणि त्यात निष्पाप शिफ्टर, म्हणजे अंगात जनावराची थोडी झाक असलेले लोक, भरडले गेले, पण ती चर्चच्या हातात राज्य यायच्या आधीची गोष्ट आहे. दुसरं म्हणजे थॅलिओस्ट, मूळचं शेजारच्या ऑन्डेअर राज्याचं शहर, युद्धात थ्रेनने घेतलं ते सोडलंच नाही, आणि तिथला आर्चबिशप डॅरिझ्नू खरोखरच क्रूर आहे. पण फ्लेमकीपमधल्या सामान्य पुजाऱ्याला विचारलं तर तोही मान खाली घालेल. बाकी थ्रेनमध्ये सॉव्हरिन होस्ट या देवसमूहाची पूजा करायला बंदी नाही, भक्त कमी आहेत आणि लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात एवढंच. म्हणजे तीच पेलोरवाली क्लेरिक इथे होस्टची क्लेरिक म्हणून आली तर वेशीवर तिला कोणी अडवणार नाही, उलट आत राक्षस लपलाय का ते शोधायला मदत कर म्हणतील.

आता पॅलाडिनबद्दल, कारण सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, हा प्रश्न येतोच. पेलचा पॅलाडिन घेतलात तर पार्टीतल्या बाकीच्यांशी पहिल्या दिवसापासून खटके उडणार हे आधी सगळ्यांना सांगा, नाहीतर टेबलवर खरी भांडणं होतात, कारण त्याच्या धर्माप्रमाणे रोगशी, म्हणजे पार्टीतल्या चोर-लबाड पात्राशी, गुपचूप तडजोड करायला वावच नाही. थ्रेनचा पॅलाडिन बाकीच्यांना सहज घेऊन चालतो, त्याची खरी अडचण स्वतःच्याच वरिष्ठांशी. त्याला कार्डिनलच्या सहीचं पत्र द्या, त्यात एखाद्या गावावर चाल करून जा असा हुकूम द्या, आणि त्या गावात राक्षस आहे की नाही हे त्यालाच ठरवू द्या.