दुहाती फ्लाय रॉड

वाहत्या पाण्यात फ्लाय दूर टाकण्यासाठी दोन्ही हातांनी चालवायचा लांब, लवचिक रॉड. फ्लाय म्हणजे पिसे, केस व दोरा गळावर बांधून केलेले नकली भक्ष्य. रॉडची लांबी साधारणपणे ११ ते १५ फूट (३.३५ ते ४.५७ मी.) असते. रिळाच्या वर लांब मूठ आणि खाली आखूड मूठ, ही त्याची ओळख. तंगुसाला शिसे लावून गळ टाकतात तेव्हा शिसे पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसते, त्यामुळे फेकायचे वजन जाड, निमुळत्या लाईनमध्येच असते. लाईन मागे हवेत पूर्ण न पसरता पाण्याला टेकवून पुढे फेकता येते. म्हणून मागे कडा, झाडी किंवा कांदळवन असले तरी २० ते ३० मीटरपर्यंत फेक जाते.

इतिहास : लांब रॉड आधी आले आणि आजची फेक नंतर, हा क्रम बहुतेकांना मान्य आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन हातांनी पेलायचे लाकडी रॉड वापरात होते. घोड्याच्या केसांची लाईन त्यांच्या टोकालाच बांधत. रिळाचा इंग्रजीतील पहिला ज्ञात उल्लेख १६५१ चा समजला जातो. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील स्पे नदीवरून ‘स्पे कास्ट’ हे नाव पडले. ही फेक तेथे सॅमन मासेमारीत रुळली ती साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, असे मानतात. काही लेखक तो काळ आणखी मागे नेतात, पण त्यासाठी दिला जाणारा पुरावा बराचसा ऐकीव आहे.

उगमाविषयी दोन मते आहेत. फेक स्पे नदीवरच निर्माण झाली व तेथून इतरत्र गेली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार उंच, झाडीच्या काठांवर अनेक ठिकाणी ती स्वतंत्रपणे साधली गेली आणि नाव मात्र सर्वांत प्रसिद्ध नदीचे राहिले. तत्कालीन साधने पाहता दुसरे मत अधिक पटते. त्या काळच्या रॉडवरील कड्या सैल व लोंबत्या असत आणि केसांची किंवा रेशमी लाईन त्यांतून सहज सरकत नसे. त्यामुळे बाहेर असलेली सगळी लाईन पाण्यावरून उचलून तशीच पुन्हा टाकावी लागे. मागे जागा नसली की पाण्याच्या पकडीचा उपयोग करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ही अडचण एकट्या स्पे नदीची नव्हती. इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँट यांनी १८९० च्या दशकात ग्रीनहार्ट लाकडाचा ‘व्हायब्रेशन’ रॉड तयार केला. त्याचे तुकडे धातूच्या नळीत न बसवता तिरपे कापून एकमेकांना बांधत, त्यामुळे वाक सलग येई. २१ फुटी रॉडने त्यांनी लाईन न सरकवता ६५ यार्ड (सु. ५९ मी.) फेक केल्याचे सांगतात. हा आकडा जपूनच घ्यावा.

ग्रीनहार्ट हे गयानातील जड लाकूड. त्याच्यामागून सहा पट्ट्या चिकटवून केलेला बांबूचा रॉड आला. त्यासाठी आरंभी ‘कलकत्ता केन’ या नावाने भारतातून जाणारा बांबू वापरत. तो प्रामुख्याने मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) होता असे मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९७० च्या दशकात कार्बन तंतूंचे रॉड बाजारात आले आणि १३ फुटी रॉडचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास उतरले. आखूड, जड हेडची (हेड म्हणजे लाईनचा पुढचा, फेकायचा जड भाग) आजची पद्धत त्यानंतरची आहे. स्वीडनमध्ये योरान अँडरसन यांनी खालच्या हातावर भर देणारी, आखूड हेड व लांब लीडरची (लीडर म्हणजे लाईन व फ्लाय यांमधला बारीक तंगूस) शैली प्रचारात आणली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व सॉक नद्यांवर स्टीलहेडसाठी (समुद्रातून नदीत चढणारा ट्राउट मासा) त्याहून आखूड व जड हेड घडले, ते मुख्यतः १९९० च्या दशकात. या दुसऱ्या शैलीचा जनक म्हणून एकच नाव देणे योग्य नाही. ती अनेकांच्या हातून घडली.

लाईनचे वजन : निवडीत सर्वाधिक चुका येथे होतात. अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने १९६१ मध्ये ठरवलेल्या मापात लाईनच्या पहिल्या ३० फुटांचे (९.१४ मी.) वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. या मापाने ८ क्रमांकाची लाईन २१० ग्रेन (१३.६ ग्रॅम) भरते. हे माप एकहाती रॉडसाठी होते. ८ क्रमांकाच्या दुहाती रॉडला ५०० ते ६०० ग्रेनचे हेड लागते. आकडा तोच, वजन अडीचपट! एकहाती ८ ची लाईन दुहाती ८ वर चढवली तर रॉड वाकतच नाही आणि दोष फेकणाऱ्याच्या माथी येतो. दुहाती लाईनींसाठी पुढे वेगळे माप ठरले, त्यात हेडच्या लांबीनुसार वजनही बदलते. तरीही डब्यावरच्या क्रमांकाऐवजी ग्रेनचा आकडाच वाचावा. जुन्या किंवा निनावी हेडचे वजन सोनाराच्या काट्यावर करता येते : ५४० ग्रेन म्हणजे ३५ ग्रॅम.

स्कॅजिट हेड ६ ते ८ मी. लांब असते. त्याच्या पुढे १० ते १२ फुटांचा बुडता टिप (पाण्यात बुडणारा लाईनचा तुकडा) जोडतात आणि हेडच्या छापील वजनात हा टिप सहसा धरलेला नसतो. टी-१४ टिपचे वजन दर फुटाला १४ ग्रेन असते, म्हणजे १० फुटांचे १४० ग्रेन जास्तीचे. स्कँडी हेड (वरील स्वीडिश शैलीचे) ९ ते १२ मी. असते आणि त्याचे छापील वजन बहुधा संपूर्ण असते. तरीही एकाच रॉडसाठी स्कॅजिटचा आकडा स्कँडीपेक्षा ३० ते ६० ग्रेनने अधिक निघतो. लांबीचा अंदाज रॉडवरून बांधतात : स्कॅजिट हेड रॉडच्या दीड ते दोन पट, स्कँडी अडीच ते तीन पट. १५ मीटरपेक्षा लांब पोटाच्या (जाड भागाच्या) लाईनींना १४-१५ फुटी रॉड व मोकळे पाणी लागते.

हेडच्या मागे साधारण ३० मी. रनिंग लाईन (हेडमागे ओढली जाणारी बारीक लाईन) व तिच्यामागे १०० ते १५० मी. बॅकिंग (रिळावरचा राखीव दोरा) असते. स्कँडीला रॉडइतका किंवा दीडपट लांब, निमुळता लीडर हवा. तो आखूड पडला तर अँकर, म्हणजे पाण्यात टेकलेले टोक, निसटतो. बुडत्या टिपला मात्र ३ ते ५ फूट पुरतात. त्याहून लांब लीडर लावला तर टिप खाली जातो आणि फ्लाय वरच तरंगत राहते.

रॉड व रील : नवशिक्याला १२.५ ते १३ फुटी, ७ किंवा ८ क्रमांकाचा रॉड सोयीचा. ११ फुटी ‘स्विच’ रॉड लहान नदीला चालतो, पण त्यावर फेकीतली चूक लगेच दिसते आणि लांब हेड बसत नाही. रील जड असणे येथे गुण आहे : हेड बाहेर असताना रॉड वरच्या मुठीवर बोटाने तोलला तर आडवा राहावा. हलक्या रिळाने टोक खाली ओढले जाते व तासाभरात वरचा खांदा भरून येतो. चार तुकड्यांचा १३ फुटी रॉड सुटा केल्यावर मीटरभराच्या आसपास होतो, लोकलच्या रॅकवर मावतो. स्पे फेकीत रॉडला पीळ बसतो आणि सांधे सैल होतात. म्हणून प्रत्येक सांध्यावर विजेची चिकटपट्टी गुंडाळतात. सैल सांधा लक्षात न आल्यास रॉड नेमका तेथेच फुटतो.

फेक : लाईनचे टोक व लीडर पाण्यात टेकतो तो अँकर, रॉडच्या मागे लाईनचा जो फुगवटा होतो तो डी-लूप. अँकर, डी-लूप व लक्ष्य एकाच उभ्या पातळीत असले पाहिजेत. अँकर वाऱ्याच्या उताराकडील खांद्याला टाकतात. उलट केल्यास गळ मानेवर किंवा कानावर येतो. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल, प्रवाहाविरुद्ध असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी, हे फेकीचे प्रकार वापरतात.

डबल स्पे उजव्या काठावरून (प्रवाहाच्या दिशेने पाहताना उजवा) उजवा हात वर ठेवून अशी करतात : लाईन खालच्या बाजूस (प्रवाहाच्या दिशेने) ताणलेली, रॉडचे टोक पाण्याला टेकलेले. रॉड सावकाश डोळ्यांच्या उंचीपर्यंत उचलायचा. टोक अंगासमोरून वरच्या बाजूस (प्रवाहाच्या उलट) न्यायचे व खाली आणायचे. फ्लाय खालच्या बाजूस सुमारे एक रॉड अंतरावर राहिली पाहिजे. मग टोक किंचित चढते ठेवत रॉड खालच्या बाजूस एकसारख्या वेगाने फिरवायचा. लाईन पाण्यातून फाटत येते तेव्हा फेसाची रेघ दिसते. रॉड खांद्यामागे वर जातो, डी-लूप भरतो. लगेच खालचा हात पोटाकडे ओढायचा आणि रॉड उंचावर थांबवायचा. वरचा हात बहुतांशी टेकू असतो. जोर वरच्या हाताने लावला तर पुढचा लूप रुंद होऊन लाईन कोसळते.

इतर दोषांची कारणेही ठरलेली आहेत. अँकर निसटून फ्लाय मागे उडाली तर फिरवणीत जोर जास्त झाला किंवा लीडर आखूड आहे. लाईन पाण्याला चिकटून उचलतच नसेल तर थांबा लांबला किंवा टोक फिरवणीत खाली आले. लाईन ‘एल’ आकारात पडली तर अँकर लक्ष्याच्या रेषेत नाही. हेड आणि रनिंग लाईन यांचा जोड टोकाच्या कडीबाहेर फार गेला तर शक्ती पुढे पोहोचत नाही; रॉडनुसार अर्धा ते एक मीटर पुरे. हवेतल्या हवेत हा सराव होत नाही. गवत लाईनला पाण्यासारखे धरत नाही, म्हणून मैदानावर शिकलेल्याचा अँकर नदीवर निसटतो. तळ्यात सराव करता येतो, मात्र लाईन ताणून देणारा प्रवाह नसल्याने प्रत्येक फेकीआधी एक रोल कास्ट (लाईन मागे न उडवता पुढे उलगडणारी साधी फेक) करून ती सरळ करावी लागते.

मासेमारीत फ्लाय प्रवाहाच्या खालच्या बाजूस सुमारे ४५ अंशांत टाकतात, लाईन वरच्या बाजूस वळवून वेग कमी करतात, फ्लाय प्रवाहात आडवी झुलू देतात आणि दोन पावले खाली सरकतात.

ठाणे-नवी मुंबई परिसर : ही साधने थंड नद्यांतील सॅमन-स्टीलहेडसाठी घडली. येथे त्यांचा वापर तुरळक व अलीकडचा आहे. उल्हास, काळू व भातसा यांच्या खोऱ्यात पावसाळ्यात पाणी गढूळ व वेगवान असते. वलगणीचे मासे याच दिवसांत चढतात, पण गढूळ पाण्यात फ्लाय दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर पाणी निवळते. उल्हासच्या कल्याणकडील भागात जलपर्णी असते. अँकर तिच्यात अडकला तर रॉडच मोडू शकतो, त्यामुळे तेथे पाण्यावर क्षणभरच टेकणाऱ्या फेकी, म्हणजे सिंगल स्पे व स्नेक रोल, बऱ्या. या नद्यांना ११ ते १२ फुटी ६-७ क्रमांक पुरतो. १५ फुटी रॉड म्हणजे निव्वळ हौस.

ठाणे खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह नदीसारखाच वापरता येतो, विशेषतः उधाणाच्या दिवसांत. भांगाला तो मंद असतो. मागे तिवरांची झाडी असते, म्हणजे ही फेक ज्या अडचणीतून आली तीच येथे आहे. फरक एवढा की काठ दिवसातून अनेकदा ‘बदलतो’. खाडी दक्षिणेला बंदराकडे उघडते, त्यामुळे ऐरोली-वाशीकडील पूर्व काठ सुकतीच्या वेळी डावा व भरतीच्या वेळी उजवा ठरतो. दुपारचा खारा वारा वायव्येकडून आल्यास पश्चिमेकडे तोंड करून उभ्या माणसाला तो उजवीकडून लागतो. अँकर डाव्या खांद्यालाच हवा, म्हणून डावा हात वर. सुकतीला वारा व प्रवाह एकाच दिशेने असतात, तेव्हा डबल स्पे; भरतीला ते परस्परविरुद्ध, तेव्हा सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. डाव्या हाताने फेकता न येणाऱ्याने पहाटेच्या मतलई वाऱ्याची वेळ धरावी. तो पाठीमागून येतो. अशा वेळी डी-लूप मागे नीट भरत नाही, म्हणून जड स्कॅजिट हेड वापरतात.

जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते, त्यामुळे लीडरच्या टोकाला ३० ते ४० पौंडी जाड तंगुसाचा तुकडा बांधतात. थंड पाण्यासाठी केलेल्या लाईनचे आवरण येथील उन्हात मऊ पडते व कड्यांना चिकटते. त्यावर कडक मोनोफिलामेंटची रनिंग लाईन हा स्वस्त उपाय. उष्ण हवामानासाठीचे हेड मिळाल्यास उत्तम. कार्बन वीजवाहक आहे. खाडीवरून जाणाऱ्या उच्चदाब तारांखाली किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरू नये.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला. तेथील प्रवेश वन विभागाच्या परवानगीवर आहे. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी संस्थेला विचारावे. खाडीतून आल्यावर रील, कड्या व लाईन गोड्या पाण्याने धुवावी. सांध्यांच्या चिकटपट्ट्याही त्याच दिवशी काढाव्यात, नाहीतर त्यांच्याखाली अडकलेले खारट पाणी सांध्यात जाते व पुढच्या वेळी तुकडे सुटत नाहीत.